चार बोल्ट आणि कॅमेऱ्याबाहेरची खुर्ची

माझ्या धाकट्या जावेला आमच्या घरात सगळे कडक म्हणतात. तिचं खरं नाव आता कागदपत्रांपुरतंच उरलंय. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने माझ्या नवऱ्याच्या शर्टाला अशी कांजी घातली की शर्ट खुर्चीवर ठेवला तर माणसासारखा बसून राहिला. हे एवढंच म्हणाले, "कडक आहे." तेव्हापासून माझी मुलं तिला कडक काकू म्हणायला लागली आणि आता नातवंडं कडक आजी म्हणतात. तिला राग नाही त्याचा. मऊ म्हणाले असते तर आला असता.

कपडा हेच तिचं आयुष्य. माहेरी भावांचे धुतले, सासरी आमचे, मग चौकातल्या लॉन्ड्रीत नोकरी, आणि तिथून एका एजंटामार्फत परदेशात, एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात. अकरा वर्षं. तिथे खिडकी नव्हती. तीनशे खोल्यांच्या चादरी रोज खाली यायच्या आणि संध्याकाळपर्यंत कोरड्या, घडी घालून वर जायच्या. बाहेर ऊन आहे की पाऊस हे ती पाहुण्यांच्या पायमोज्यांवरून ओळखायची.

तिचा एक नियम होता. खिसा उलटा केल्याशिवाय कपडा पाण्यात घालायचा नाही. कोणाचाही असो, कितीही घाई असो. त्या खिशांतून काय काय निघालं ते ती सांगायला बसली की आम्हाला चूल विझल्याचं कळायचं नाही. किल्ल्या, औषधं, फाडून पुन्हा चिकटवलेलं पत्र. एकदा दातांची कवळी निघाली. मालक लाजेने स्वतः आला नाही, बायकोला पाठवलं, आणि बायको म्हणाली, अजून दोन दिवस तुमच्याकडेच राहू द्या, घरात जरा शांतता आहे.

त्या तळघरात चादरी वाळवून सपाट करायचा एक मोठा रोलर होता. दोन बायकांनी ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती आत सरकवायची. रोलर तापलेला आणि सतत फिरता, म्हणून त्याच्या तोंडाशी एक पिवळी जाळी असायची. बोटं जाळीला लागली की रोलर तिथल्या तिथे थांबायचा. जाळी बाईचा हात वाचवायची, पण जाड पांघरूण आलं तरी अडायची, आणि अडली की काम थांबायचं.

गर्दीचे दिवस आले तेव्हा सुपरवायझर कडकला म्हणाला, जाळी काढून टाक. पाना धरता येणारी तिथे तीच एक. ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सांगितलं, ती पुन्हा नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, इथून जाळी तरी जाईल नाहीतर तू तरी. तिने चार बोल्ट काढले, एप्रनच्या खिशात टाकले आणि जाळी उचलून बॉयलरमागे उभी केली. हे तिने आम्हाला आल्यावर सांगितलं नाही. करार संपला, ती घरी आली, एप्रनची पिशवी पलंगाखाली ढकलली आणि म्हणाली, दोन महिने मला कपड्याचं तोंड दाखवू नका.

ती आल्याला तेवीस दिवस झाले आणि तिकडे अपघात झाला. तिने हाताखाली तयार केलेली एक पोरगी होती. रोलरवर या पोरीसमोर दुसरं टोक धरणारी जी जोडीदारीण, तिचा हात चादरीबरोबर आत गेला. तीन बोटं गेली. हॉटेलच्या कंपनीने सांगून टाकलं की काम लवकर संपवायला या पोरीनेच त्या सकाळी स्वतःच्या हाताने जाळी काढली होती. पोरीवर खटला भरला. शिक्षा झाली तर तुरुंग, आणि त्याहून वाईट म्हणजे दवाखान्यातली जोडीदारीणही तेच खरं मानून बसली.

पोरीचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी भाजी निवडत होतो. कडकने सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला, पलंगाखालून पिशवी ओढली, एप्रन काढला आणि रागाने बादलीत फेकला. बादलीत खणकन वाजलं.

ती बादलीपाशी बसली आणि ओल्या खिशातून एकेक बोल्ट काढून फरशीवर ठेवत गेली. मग मला म्हणाली, "अकरा वर्षं दुनियेचे खिसे उलटे केले, ताई. माझा एक तेवढा राहिला."

तेव्हा मला सगळं कळलं. बोल्ट तिच्याबरोबर आले होते, म्हणजे जाळी तिच्या निघण्याआधीच निघाली होती. पोरीने ती काढली नव्हती. पण जाळी काढणारे हात कोणाचे, हेही त्या बोल्टांनी सांगितलं असतं.

महिनाभरात तिकडच्या कोर्टाचं पत्र इकडच्या कोर्टामार्फत आलं. पोरीच्या वकिलाने साक्षीदार म्हणून कडकचं नाव दिलं होतं. विमानाने जायची गरज नव्हती, इथल्याच कोर्टात एका खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून साक्ष द्यायची होती. गरिबांना सरकार फुकट वकील देतं, तशी आम्हाला एक वकीलबाई मिळाली. वयाने आमच्या सुनेएवढी, पण बोलायला लागली की आपणच सून झाल्यासारखं वाटे.

माझं अक्षर चौथीपर्यंतचं, त्यामुळे कायद्याचं मी सांगते ते वकीलबाईंनी सांगितलं तसं. पत्र परदेशातून आलं तरी साक्षीदार बसणार इथे, म्हणून इथला कायदा पाठीशी राहतो आणि तिथलाही. ज्या प्रश्नाचं उत्तर देऊन आपणच अडकू, तो प्रश्न नाकारता येतो. मग तो हक्क इथल्या कायद्याने मिळत असो की तिथल्या. खोलीत कोण बसणार ते आधी ठरलेलं असतं. कारकून, आपली वकील, दुभाषा. बाकी कोणी नाही. दुभाष्याचं बोलणं पटलं नाही तर थांबवता येतं. आणि तिकडच्या कोर्टाने हमी दिली, तर इथून जे खरं सांगू त्यावरून आपल्यावर तिकडे खटला होत नाही, उद्या तिकडे पाय ठेवला तरी पकडत नाहीत. फक्त खोटं बोललो तर हमी नाही.

"हमी आली का?" कडकने विचारलं.

मागितली होती, पण आली नव्हती. वकीलबाईंचा सल्ला असा की जाळी कोणी काढली हा प्रश्न येईल तेव्हा उत्तर नाकारायचं. तो तिचा हक्क होता. मग पोरीचं काय, असं कडकने विचारलं. वकीलबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, तिच्या वकिलाकडे दुसरा पुरावा नाही, बाकीच्या बायका अजून तिथेच नोकरीला आहेत.

कडकने हे सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घेतलं आणि घडी करून पिशवीत ठेवलं. आठवडाभर तो कागद ती रोज काढून वाचायची, जसं कोणी औषधाची चिठ्ठी वाचतं.

घरात माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, एकच पालुपद धरून बसला होता. तुझ्या तोंडून निघालं की तुझ्याच गळ्याशी येणार. भाऊजी भित्रे नाहीत, पण बायको अकरा वर्षं लांब राहून आता कुठे घरी आली होती. त्यांच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. कडक मात्र ठेवायची.

मग एजंट आला. हाच तो, ज्याने तिला पाठवलं होतं. चहा घेतला, कपाचं कौतुक केलं, आमच्या भिंतीचा रंगही त्याला आवडला. मग म्हणाला, "मावशी, अवघड काय त्यात? आठवत नाही म्हणायचं. आठवत नाही म्हटल्याने कधी कोणाला शिक्षा झालीय?" पुढच्या कराराची तिची फाइल त्याच्याच टेबलावर होती, हेही त्याने जाता जाता सांगितलं, अगदी गोड आवाजात.

कडक म्हणाली, "मला तीनशे खोल्यांच्या चादरींवरचे डाग खोलीच्या नंबरासकट आठवतात. तुमच्यासाठी आता नवीन डोकं कुठून आणू?"

त्याने चहा अर्धा टाकला. तो कप तिने दोनदा घासला.

साक्षीच्या दिवशी मी आणि भाऊजी बरोबर गेलो. कोर्टाचा दुसरा मजला, लांब व्हरांडा, आणि बसायला एकच बाक. दार उघडलं तेव्हा मला खोली दिसली. मधे टेबल, भिंतीवर मोठा पडदा, तिपाईवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या मागे, कोपऱ्यात, एक प्लास्टिकची खुर्ची. तेवढं दिसलं आणि दार लागलं. मागून एजंटही आत गेलेला मी पाहिला. दारावरच्या शिपायाला त्याने सांगितलं की कॅमेऱ्याच्या कंपनीकडून यंत्र जोडायला आलोय.

आतलं सगळं कडकने त्याच संध्याकाळी आम्हाला स्वयंपाकघरात सांगितलं, प्रत्येकाचा आवाज काढून. न्यायाधीश व्हायला तिने माझा चष्मा घेतला आणि कपाळावर चढवला, कारण पडद्यावरची बाईही तसाच घालून बसली होती. वकीलबाईंनी नंतर सांगितलं की त्यात मीठमसाला जवळजवळ नव्हता.

न्यायाधीशबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, खोलीत नेमलेल्या माणसांशिवाय आणखी कोणी आहे का? कारकुनाने हातातली यादी बघितली, खोली बघितलीच नाही, आणि नाही म्हणाला. वकीलबाई कागद लावत होत्या, त्यांना वाटलं एजंट कोर्टाचाच माणूस असेल. कोपऱ्यातला एजंट कडककडे बघत होता. ती कॅमेऱ्याकडे बघणार म्हणजे त्याच्याकडेच बघणार, अशी त्याने खुर्ची लावली होती. कॅमेऱ्याला तो दिसत नव्हता.

"आहे," कडक म्हणाली. "कॅमेरा फिरवा."

कारकून म्हणाला, कॅमेरा हलवायचा नसतो. ती म्हणाली, खिसा उलटा केल्याशिवाय मी कपडा पाण्यात घालत नाही आणि खोली बघितल्याशिवाय बोलणार नाही. हे दुभाष्याने तिकडे कसं सांगितलं देव जाणे, कारण न्यायाधीशबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. तोवर कडक उठलीही होती. तिने तिपाई धरली आणि कॅमेरा कोपऱ्याकडे वळवला. खुर्ची, एजंट, त्याच्या मांडीवरचा चालू फोन, सगळं भिंतीएवढं होऊन दोन देशांत एकदम दिसलं.

तुम्ही कोण, असं विचारल्यावर तो म्हणाला, यंत्र दुरुस्त करणारा. यंत्रात काय बिघडलंय? काही नाही. मग तुम्ही बाहेर बसा. हे सगळं नोंदवून घेतलं, त्याच्या फोनसकट.

तो बाहेर आला आणि बाक एकच असल्यामुळे आमच्याजवळ बसला. मी विचारलं, "जोडलं का यंत्र?" भाऊजी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

आत मग तो प्रश्न आला. जाळी कोणी काढली?

वकीलबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. न्यायाधीशबाईंनीही सांगितलं की या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा तुम्हाला हक्क आहे. कडक म्हणाली, हक्क मला समजलाय, कागदावर लिहून घेतलाय. मी गप्प बसायला आलेले नाही. पण हमी मागितली होती ती अजून आलेली नाही. आधी ती द्या, मग मी सगळं सांगते.

कंपनीचा वकील तिकडून उठला. साक्षीदार कोर्टाशी घासाघीस करतेय, असं त्याचं म्हणणं. कडक त्याची भाषा अकरा वर्षं ऐकून आलेली, दुभाष्याची वाट न बघता म्हणाली, "घासाघीस तुमच्या माणसाने केली, माझ्या घरी चहा पिऊन. मी कायदा मागतेय."

न्यायाधीशबाई पंधरा मिनिटांसाठी उठल्या आणि चाळीस मिनिटांनी परत आल्या. त्या चाळीस मिनिटांत व्हरांड्यात आम्हाला काहीच कळेना, आणि भाऊजी बाकावरून उठून जिन्यापर्यंत इतक्या वेळा गेले की शिपायाने त्यांना विचारलं, आजोबा, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय का? आत हमीचा आदेश वाचून दाखवला गेला. या खोलीतून साक्षीदार जे खरं सांगेल ते तिच्याविरुद्ध त्या देशात वापरलं जाणार नाही, त्यासाठी तिला अटक होणार नाही. कडकने ते पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा दुभाष्याला एकेक वाक्य थांबून सांगायला लावलं. मग ती बोलली.

सगळं बोलली. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस, पाना, बॉयलर. पाचेक मिनिटं झाली असतील. दुभाष्याने घसा साफ केला आणि तिकडे सांगितलं की साक्षीदाराने स्वतः जाळी काढल्याचं कबूल केलंय.

ती त्याच्याकडे वळली. म्हणाली, साहेब, मी तुम्हाला अख्खी चादर दिली आणि तुम्ही तिकडे रुमाल पाठवला? सुपरवायझरचं नाव मी तीनदा घेतलं, ते कुठे गेलं? वकीलबाईंनी लगेच हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी पहिल्यापासून वाक्यावाक्याने सांगायला लावलं, आणि या वेळी दोन्ही नकार तिकडे पोचले. दुभाषा वाईट माणूस नव्हता, असं कडकच म्हणते. जेवायची वेळ झाली होती त्याची.

मग तिने पिशवीतून चार बोल्ट काढले आणि टेबलावर ओळीने मांडले.

कंपनीचा वकील म्हणाला, असे बोल्ट कुठल्याही बाजारात मिळतात. तिने एक उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. जाळीला पिवळा रंग दिला तेव्हा बोल्ट न काढताच वरून फासला होता. अर्धा रंग बोल्टावर आला, अर्धा मशीनवर भोकाभोवती राहिला. "मशीन तुमच्याकडेच आहे," ती म्हणाली, "लावून बघा." पासपोर्टवरचा परतीचा शिक्का वकीलबाईंनी दाखवला. अपघाताच्या तेवीस दिवस आधीचा. "त्या सकाळी पोरीने जाळी काढली म्हणता, तर हे बोल्ट माझ्या पलंगाखाली कसे आले? मी इथून हात लांब केला होता का?"

शेवटी त्याने विचारलं, तुम्हाला स्वतःला यात काही चुकलंय असं वाटतं का? वकीलबाई म्हणाल्या, उत्तर द्यायची गरज नाही. कडकने दिलं.

"चुकलंच. तिसऱ्यांदाही नाही म्हणायला हवं होतं. त्या बाईची बोटं मी रोज मोजते. पण माझी चूक त्या पोरीच्या माथी मारून मी इथे सुखाने इस्त्री फिरवावी असं तुम्हाला वाटत असेल, तर ते होणार नाही. तुमच्या माणसाने चूक करायला लावली. लपवायला नाही लावू शकत."

हे सांगताना स्वयंपाकघरात तिने कोणाचाच आवाज काढला नाही. चष्मा मला परत दिला होता.

बोल्ट पाकिटात घालून, लाखेने बंद करून तिकडे पाठवायचे ठरले. कारकुनाने पाकिटावर 'धातूच्या वस्तू' असं लिहिलं. कडकने ते खोडायला लावलं आणि लॉन्ड्रीत पावती करतात तसं सांगून लिहून घेतलं. बोल्ट चार, पिवळा रंग अर्धा, एक गंजलेला, गंज पाण्यात पडल्याने, चूक माझी. खाली तिची सही, शेजारी कारकुनाची. तो म्हणाला, वीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून कोणी एवढं शुद्ध लिहून घेतलं नव्हतं.

आठ दिवसांत एजंटाचं पत्र आलं. फाइल परत, करार रद्द, कारण म्हणून 'वर्तन असमाधानकारक'. पाकिटात पार चुरगळून गेलं होतं ते. तिने त्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्री केली. पुढे तिने घराच्या खालच्या खोलीत इस्त्रीचं दुकान टाकलं, तेव्हा ते पत्र काचेत घालून भिंतीवर लावलं. गिऱ्हाईक वाचतं, तिच्याकडे बघतं आणि आपणच आपले खिसे उलटे करतं.

साक्ष झाल्यावर चौथ्या महिन्यात, दुकानात मी तिला घड्या घालू लागत होते तेव्हा, पोरीचा फोन आला. चेहरा दिसणारा फोन. बोल्ट त्या भोकांत रंगाला रंग जुळवून बसले होते. खटला तिच्यावरून उतरला होता आणि सुपरवायझरला, कंपनीला आता कोर्टात उभं राहावं लागणार होतं. हे सगळं पोरगी एका दमात सांगायला निघाली होती, पण "मावशी" म्हणताच कडकने तिला अडवलं.

"आधी फोन फिरव. खोलीत कोण आहे ते दाखव."

पोरगी हसत उठली आणि फोन सावकाश फिरवायला लागली. खिडकी दिसली, दोरीवरचा टॉवेल, पलंगाचं टोक. मग पलंगावर बसलेली एक बाई दिसली. आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या मांडीवरचा हात बघून दोघींनीही ओळखलं.

कडकच्या हातातली इस्त्री तशीच अधांतरी राहिली. फोन त्या बाईवर थांबला होता. मग तिने तो हात उचलला, दोन बोटांचा, आणि आमच्याकडे बघून हलवला.

कडकने इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसला आणि हलवला. मग म्हणाली, "आणखी कोणी नाही ना खोलीत? बरं. आता बोल, बाई. तू आधी बोल, मी ऐकते."